रात्री बाराच्या ठोक्याला पाणी बंद करू नका

प्रति,
गोव्यातील सर्व भूलतज्ज्ञ, अस्थिरोग शल्यचिकित्सक आणि अस्थिरोग वॉर्डातील परिचारिका यांस

सप्रेम नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा किंवा खुबा बदललेल्या पेशंटना चालते करण्यासाठी फोंडा तालुक्यातल्या गावांतून घरोघरी जाते. बोलावणे आले तर रुग्णालयातही जाते. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, तुम्ही काय करता ते मला दिसत नाही. मला दिसते ते त्यानंतरचे: पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेली बाई, समोर वॉकर, आणि तिच्या दंडाखाली माझा हात. ती उठून चार पावले टाकते, की डोळ्यांपुढे अंधारी येऊन पुन्हा उशीवर डोके टेकते? नवा सांधा कितीही सुबक बसलेला असो, त्या क्षणी प्रश्न पुष्कळदा सांध्याचा नसतो. अंगात पाणी किती उरले आहे, हा असतो.

म्हणून हे पत्र एका वाक्याबद्दल आहे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक पेशंटला ऐकवले जाते ते वाक्य: "रात्री बारानंतर काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही." केस पेपरवर त्याची तीन अक्षरे होतात, एनबीएम: निल बाय माउथ, तोंडाने काही नाही. हे वाक्य बदला, एवढीच माझी विनंती आहे. बाकीचे सगळे, ही विनंती का करते आहे ते सांगण्यासाठी.

गेल्या वैशाखात माझ्या आईचा उजवा गुडघा बदलला. वय बहात्तर. रुग्णालयाचे नाव घेत नाही. तिथल्या माणसांनी तिचे सगळे मनापासून केले आणि हा दोष एका रुग्णालयाचा नाहीच. आदल्या दिवशी दुपारी भरती केले. संध्याकाळी साडेसातला तिने पेज आणि थोडी भाजी खाल्ली. पावणेनऊला बीपीच्या गोळीबरोबर दोन घोट पाणी प्याली आणि झोपायच्या तयारीला लागली. सिस्टरनी सांगितले होते बारापर्यंत चालेल. पण आमच्या पिढ्यान्‌पिढ्या एकादशी पाळणाऱ्या बायका. डॉक्टरांनी बारा म्हटले तर आपण नऊलाच थांबावे, म्हणजे काही चुकायला नको, असे तिचे गणित. लिस्टवर तिचा नंबर दुसरा, वेळ दहाची. पहिली केस लांबली. मग रस्त्यावरच्या अपघाताची एक तातडीची केस आली, ती अर्थातच आधी घेतली गेली. आईला ट्रॉलीवर घेतले तेव्हा दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे झाली होती.

म्हणजे सतरा तासांच्या वर झाले होते. वैशाखातले सतरा तास, डोक्यावर नुसता पंखा. कवळी काढून ठेवल्यामुळे गाल आत गेलेले, ओठ एकमेकांना चिकटत होते. मी कापूस ओला करून ओठांवरून फिरवत होते. शेजारच्या कपाटावर घरून आणलेले स्टीलचे फुलपात्र होते, वर झाकणी ठेवलेले. ती त्याच्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. अकराच्या सुमारास मी सिस्टरना विचारले, "घोटभर देऊ का?" त्या म्हणाल्या, "नको ताई, कधीही बोलावतील." आणि जाताना त्यांनी ते फुलपात्र उचलून खाली कप्प्यात ठेवले. आईला त्रास होऊ नये म्हणूनच ठेवले, हे मला कळत होते.

नियम काय आहे ते मला ठाऊक होते, डॉक्टर. तरी मी गप्प बसले. ऑपरेशनच्या दिवशी पेशंटच्या घरचे माणूस वाद घालत नाही. आपले माणूस तुमच्या हाती सोपवायचे असते.

पुढचे थोडक्यात सांगते. हाताची शीर सापडायला तीन टोचण्या लागल्या. पाठीत इंजेक्शन दिल्यावर बीपी बरेच खाली आले, औषधे आणि सलाइन देऊन ते सावरले. संध्याकाळी तिला पलंगाच्या कडेला बसवायचे ठरले होते. दोनदा ओकारी झाली, बसवता आले नाही. रात्री ती गोंधळली. परसातल्या कोंबड्या आत घेतल्या का, म्हणून तीन-तीनदा विचारत होती. आमच्याकडे कोंबड्या होत्या त्याला वीस वर्षे झाली. दुसऱ्या सकाळी मी स्वतः तिला उभे केले आणि ती माझ्या खांद्यावर कोसळली. त्या दिवशीच्या रक्ततपासणीत मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ०.९ वरून १.५ वर गेलेले, म्हणजे मूत्रपिंड मंदावलेले. मूत्रपिंडाला धोका नको म्हणून सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी बंद करावी लागली. ती बंद झाल्यावर दुखणे वाढले. दुखते म्हणून ती गुडघा वाकवू देईना. आणि नव्या गुडघ्याचे तर असे असते की पहिले दोन आठवडे हातचे गेले की तो आखडायला लागतो. जो नव्वद अंशांचा कोन माझ्या इतर पेशंटना साधारण दुसऱ्या आठवड्यात मिळतो, तो आईला चौथ्या आठवड्यात मिळाला. घरीही तीन दिवस उशिरा आली.

यातले सगळे पाण्यामुळे झाले असे मी म्हणत नाही. वय होते, रक्तस्राव होता, भुलीचा आणि वेदनेचा ताण होता. पण या साखळीच्या जवळपास प्रत्येक कडीला कोरडेपणाने जोर दिला, हे तुम्हीही नाकारणार नाही. आणि साखळीतली ही एकच कडी अशी होती की ती सोडवायला पैसा, यंत्र किंवा नवे औषध काहीच लागत नव्हते.

आता एक गोष्ट सांगते, जी कदाचित तुमच्यापर्यंत पोहोचत नसेल, कारण बायका ती डॉक्टरांना सांगत नाहीत. मला सांगतात, मी त्यांच्या घरच्या पडवीत बसलेली असते म्हणून. गुडघे दुखणारी बाई पाणी कमी पिते. मुद्दाम कमी पिते. पाणी प्यायले की उठावे लागते. उठताना चौकटीला धरावे लागते, चार पायऱ्या उतराव्या लागतात, कित्येक घरांत संडास अजून परसात आहे किंवा बसायचा आहे. एकदा खाली बसले की वर येताना जीव जातो. म्हणून सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री झोपण्याआधी एकदा, असा हिशेब बसवून ती दिवसभरात तीन-चार फुलपात्र्यांवर भागवते. सत्तरीकडे आलेल्या एका बाईने मला सांगितले, "देवळात भजनाला जायचं असलं की दुपारपासून पाणी घेत नाही. मध्येच उठले तर सगळ्यांना वाट द्यावी लागते." वाळपईहून, काणकोणहून बसने बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, तपासणीला येणारी बाई घर सोडण्याच्या आधीपासूनच पाणी बंद करते, वाटेत जायचे कुठे, हा तिचा प्रश्न आहे आणि तो खरा आहे.

त्यात वयाची भर. म्हातारपणी तहानच कमी लागते, आणि मूत्रपिंडाची पाणी राखून धरण्याची ताकदही उतरलेली असते. पुष्कळांना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते. गुडघेदुखीपायी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडावर आधीच भार टाकलेला असतो. म्हणजे तुम्ही फाइलवर एनबीएम लिहिता तेव्हा तुम्हाला वाटते, भरलेल्या तांब्याला झाकण घातले. तांब्या अर्धा रिकामा होऊन आलेला असतो.

हा नियम आला कुठून, हे तुम्ही शिकलात. पेशंटच्या घरच्यांनाही कळावे म्हणून इथे लिहिते. १९४६ साली न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. १९३२ ते १९४५ या काळातल्या ४४,०१६ गरोदरपणांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यात भुलीखाली असताना पोटातले वर येऊन श्वासनलिकेत गेल्याच्या ६६ घटना सापडल्या. दोघी दगावल्या, त्या घट्ट अन्न श्वासमार्गात अडकून. भीती खरी होती आणि आजही खरी आहे. भुलीत घशाची राखण सैल पडते, पोटातले आम्ल फुफ्फुसात गेले तर जीव जाऊ शकतो. पण पुढच्या काही दशकांत या भीतीतून "मध्यरात्रीनंतर काही नाही" असा सरसकट दंडक झाला, आणि भात व पाणी एकाच तागडीत तोलले गेले.

पोट मात्र दोन्हींना एकसारखे वागवत नाही. भात-आमटीला, तळलेल्या मासळीला पोटातून खाली सरकायला कित्येक तास लागतात. साधे पाणी निरोगी पोटात अर्धे व्हायला दहा-वीस मिनिटे पुरतात. १९८६ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीच्या रॉजर मॉल्टबी आणि सहकाऱ्यांनी काही पेशंटना ऑपरेशनपूर्वी अडीच-एक तास आधी १५० मिलिलिटर पाणी दिले, काहींना उपाशी ठेवले, आणि मग पोटात काय उरले ते मोजले. पाणी प्यालेल्यांच्या पोटात उपाशी राहिलेल्यांपेक्षा जास्त काही नव्हते. पुढे असे अनेक अभ्यास झाले. २००३ मध्ये वैद्यकीय अभ्यास एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेने प्रौढांवरच्या २२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही हेच दिसले.

मग नियम बदलले. अमेरिकेच्या भूलतज्ज्ञ संघटनेने १९९९ मध्ये लिहिले: नितळ पेये दोन तास आधीपर्यंत, हलके खाणे सहा तास आधीपर्यंत. तळकट किंवा जड जेवणाला त्याहून जास्त वेळ. २०११ मध्ये युरोपच्या संघटनेने पुढचे पाऊल टाकले. दोन तासांपर्यंत पाणी पिऊ द्या एवढेच न म्हणता, प्यायला प्रोत्साहन द्या, असे म्हटले. आणि २०२० मध्ये तुमच्याच इंडियन सोसायटी ऑफ अॅनेस्थेसियॉलॉजिस्ट्सने आपल्या देशासाठी उपवासाचे निकष प्रसिद्ध केले, त्यातही नितळ पेयांना दोनच तास आहेत. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर लवकर बरे होण्याच्या ज्या पद्धतीचा पाया घातला, तिच्या खुबा-गुडघ्यासाठीच्या २०१९-२० च्या शिफारशीही वेगळे काही सांगत नाहीत. मी परकी माणसे आणून तुम्हाला शिकवू पाहत नाही. हे सगळे तुमच्याच पुस्तकात आहे. ते पुस्तकातून वॉर्डात उतरलेले नाही, एवढेच माझे गाऱ्हाणे.

सांध्याच्या शस्त्रक्रियेत याचे महत्त्व जास्त का? आपल्याकडे गुडघा-खुब्याला बहुधा स्पायनल देतात, पाठीत. कमरेखालची संवेदना जाते, तशाच रक्तवाहिन्या आवळून धरणारे मज्जातंतूही सुस्तावतात. पायांतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त खाली साचते, बीपी उतरते. शरीरात पुरेसे पाणी असेल तर हा धक्का पचतो. नसेल तर तुमची धावपळ सुरू होते. गुडघ्याला मांडीवर टूर्निके, म्हणजे रक्तप्रवाह थांबवणारी पट्टी, आवळलेली असते, ती सोडताना पुन्हा एकदा बीपी हलते. नंतर जखमेत, मांडीत, पोटरीत आतल्या आत रक्त झिरपत राहते, ते बाटलीत दिसत नाही. आणि एवढे सगळे झाल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी आम्ही येतो आणि म्हणतो, "चला आजी, उभ्या राहा."

उभे राहणे ही सांधा बदललेल्या माणसासाठी चैन नाही, औषध आहे. पायात रक्ताची गुठळी होऊ नये, फुफ्फुसे साचू नयेत, पोट साफ व्हावे, गुडघा आखडू नये, यासाठी पहिल्या चोवीस तासांतली ती दहा-बारा पावले लागतात. पोट साफ होण्याचे तर विचारूच नका. वेदनेच्या जालीम गोळ्यांनी आतडी मंदावतात, त्यात पाणी नाही, आणि नव्या गुडघ्याने कमोडवर बसून कुंथणारी आजी मी कितीदा पाहिली आहे.

"सलाइन लावू की," असे उत्तर येते. सलाइनने शिरेत पाणी जाते, जीव वाचतो, मान्य. पण तोंडाची कोरड जात नाही, आणि कोरड, डोकेदुखी, भूक यांनी हैराण झालेला माणूस ट्रॉलीवर चढताना आधीच अर्धा थकलेला असतो. दुसरे, बीपी सावरण्यासाठी घाईने भरपूर सलाइन ओतले की ते पुढे सूज होऊन बसते. ती सूज मला बोटाखाली लागते. टाके घातलेल्या गुडघ्याभोवती पाणी साचले की कातडी ताणते आणि वाकवणे अवघड होते. वृद्ध हृदयाला तो भार सोसतोच असे नाही. जे तोंडाने, सावकाश, सकाळी एका फुलपात्र्यात गेले असते, ते दुपारी शिरेतून धावत का न्यायचे?

सकाळी पुडीतले गोड पेय देण्याबद्दलही हल्ली बोलले जाते. माझे मत विचाराल तर त्या महागड्या पुड्यांच्या नादी लागायची घाई नाही. गुडघा-खुब्याच्या पेशंटसाठी त्यांचा फायदा माफक आहे, आणि आपल्याकडे पुष्कळांना मधुमेह. आधी साधे पाणी तर देऊ.

तुमची अडचण मला दिसते, तीही लिहिते, नाहीतर हे पत्र अप्रामाणिक होईल. बाराचा नियम टिकला आहे तो सोपा आहे म्हणून. वॉर्डात चाळीस पेशंट, रात्रपाळीला दोन सिस्टर. प्रत्येकाची वेगळी वेळ कोण लक्षात ठेवणार? लिस्ट रोज बदलते. दुसरी केस रद्द झाली की तिसऱ्याला तासभर आधी बोलावणे येते, आणि त्याने अर्ध्या तासापूर्वी पाणी घेतले असेल तर भूलतज्ज्ञ थांबतात, सर्जन चिडतात, आणि बोलणी खाते ती सिस्टर. "कधीही बोलावतील," असे मला त्या दिवशी जे उत्तर मिळाले त्यामागे हे सगळे होते. त्या सिस्टरवर माझा राग नाही.

म्हणूनच मी उत्तर तिच्याकडे मागत नाही, ओटीकडे मागते. भूलतज्ज्ञ आदल्या संध्याकाळी पेशंटला तपासून जातात तेव्हा एनबीएम या तीन अक्षरांऐवजी दोन ओळी लिहाव्यात: "जेवण अमुक वाजेपर्यंत. पाणी अमुक वाजेपर्यंत." सकाळच्या पहिल्या नंबरचा अपवाद सोडला तर लिस्टवरच्या ज्यांना चालते त्या सगळ्यांना सहाला एक फुलपात्र पाणी द्यायला काही अडत नाही, आठच्या आधी टेबलावर जाणारे असते कोण? मग लिस्ट पुढे सरकली की ओटीतून वॉर्डात एक फोन. "तीन नंबर एकच्या आधी नाही, पाणी द्या." आजही फोन होतातच: पेशंट पाठवा, फाइल पाठवा, रक्ताची पिशवी आली का. त्यात हे एक वाक्य. ब्रिटनमध्ये बरीच रुग्णालये याच्याही पुढे गेली आहेत. ओटीतून बोलावणे येईपर्यंत पेशंटला पाण्याचे छोटे छोटे घोट घेऊ देतात, त्याला सिप टिल सेंड म्हणतात. तिथवर उद्याच जा, असे माझे म्हणणे नाही. दोन तासांपर्यंत तरी या.

सगळ्यांना ही मुभा नाही, तेही पेशंटच्या घरच्यांना स्पष्ट सांगायला हवे, नाहीतर कोणी हे पत्र वाचून चोरून पाणी पाजायचे. जुन्या मधुमेहाने पोट मंदावलेले, जळजळ-आंबट वर येण्याचा जबर त्रास असलेले, वजनासाठी किंवा साखरेसाठी सेमाग्लुटाइडसारखे इंजेक्शन घेणारे, पक्षाघातानंतर गिळायला त्रास असलेले, यांची वेळ भूलतज्ज्ञच ठरवतील. डायलिसिसवर असलेल्याला आणि हृदय कमजोर असलेल्याला आधीच पाण्याचे माप ठरवून दिलेले असते. त्यांनी ते ओलांडायचे नाही. तांब्याच्या तांब्या रिचवणेही घातकच; रक्तातले सोडियम पातळ झाले की म्हाताऱ्या माणसाची शुद्ध हरपते.

आणि नितळ म्हणजे काय, ते आपल्या घरच्या भाषेत सांगा. पेशंटला "क्लिअर फ्लुइड" सांगितले की ती मान डोलावते आणि पेजेची निवळ पिते. पेज नितळ नाही. सोलकढीत नारळाचा रस आहे, ती नाही. ताक नाही, दुधाचा चहा नाही. पाणी चालते, दूध नसलेला कोरा चहा चालतो, गाळलेले कोकम सरबत चालते. शहाळ्याचे पाणी गर न येऊ देता गाळून चालू शकते. आमच्याकडे प्रत्येकाच्या परसात माड, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. पण त्यात पोटॅशियम भरपूर असते, म्हणून मूत्रपिंडाच्या पेशंटला आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना विचारल्याशिवाय नको. हे चार शब्दांत, मराठीत आणि कोंकणीत, एका कागदावर छापून भरतीच्या वेळी हातात द्या. कागद मी लिहून देते, फुकट.

खुबा मोडलेल्या आज्यांबद्दल वेगळे लिहायला हवे. गुडघा बदलणारी बाई तारीख ठरवून येते. पावसात अंगणातल्या शेवाळावरून घसरलेली आजी तशी येत नाही. तिला आज उपाशी ठेवतात, संध्याकाळी कळते की आज नंबर लागणार नाही, मग दोन घास दिले जातात. पुन्हा रात्री बारा, पुन्हा उद्या दुपार. अशा दोन-दोन दिवस चाललेल्या उपवासानंतर टेबलावर गेलेली आणि नंतर आठवडाभर मुलाचे नाव न आठवणारी पेशंट माझ्याकडे आली आहे. मोडलेल्या हाडापाशी रक्त साचलेले, लघवीला उठता येत नाही म्हणून तिने स्वतःहून पाणी तोडलेले, आणि वर आमचा एनबीएम. नंबर लागणार नाही हे सकाळी अकराला कळले असेल तर अकरालाच तिला पाणी द्या. संध्याकाळच्या राउंडची वाट कशाला?

ऑपरेशननंतरचेही एक. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरची "गॅस सुटेपर्यंत पाणी नको" ही जुनी सूचना कित्येक वॉर्डांत गुडघ्यालाही लागू होते. गुडघा आणि आतडी यांचा संबंध काय? पेशंट पूर्ण शुद्धीवर आहे, मळमळ नाही, तर ओटीतून आल्यावर घोट घोट पाणी सुरू करता येते. उशिरा दिलेल्या प्रत्येक तासाचा हिशेब दुसऱ्या सकाळी मी वॉकरपाशी चुकवते.

माझ्या व्यवसायबंधूंनाही यात ओढते. आपण ऑपरेशनआधी मांडीचे व्यायाम शिकवायला जातो, तेव्हाच आठवडाभर आधीपासून पाणी वाढवायला सांगूया. नुसते "पाणी पीत जा" म्हणून भागत नाही. त्या घरातल्या मुलाला सांगायला हवे की आईच्या पलंगाजवळ कमोडची खुर्ची आणून ठेव. ती आली की बाई पाणी पिते. मी हे करून पाहिले आहे. पाणी किती? लघवीचा रंग गडद पिवळ्यावरून फिका होईपर्यंत, डॉक्टरांनी माप दिले असेल तर त्या मापात. एवढे त्यांना कळते, वेगळे शास्त्र लागत नाही.

गोमेकॉतल्या वरिष्ठांना एक विशेष विनंती. १८४२ मध्ये गोव्यात वैद्यकाची शाळा सुरू झाली आणि ती परंपरा तुमच्याकडे आहे. बांबोळीत जे लिहिले जाते तेच तिथे शिकून बाहेर पडलेले डॉक्टर पुढे काणकोण-पेडण्यापर्यंत लिहितात. तुमच्या एका वॉर्डाने एक महिनाभर केवळ एवढे नोंदवावे: प्रत्येक सांध्याच्या पेशंटने शेवटचे पाणी किती वाजता घेतले आणि भूल किती वाजता दिली. दोन आकडे, एक वजाबाकी. ती नोंद भिंतीवर लावा. आठ तास दिसतील, बारा दिसतील, आमच्या आईसारखे सतरा दिसतील, आणि मग काय करायचे ते तुम्हाला माझ्यासारखीने सांगावे लागणार नाही.

पुढच्या महिन्यात आईचा डावा गुडघा आहे. ती तयार आहे. उजव्याने ती आता देवळाच्या पायऱ्या चढते, चवथीला फुगडी नाही तरी गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीखाली खुर्ची टाकून आरती म्हणेन, असे तिने जाहीर केले आहे. फक्त त्या सकाळची तहान तिच्या लक्षात राहिली आहे. परवा म्हणाली, "कापणं-शिवणं मला कळलंच नाही गं. ते पाणी तेवढं..."

तेच स्टीलचे फुलपात्र मी बरोबर आणणार आहे. या वेळी मी गप्प बसणार नाही, पण वादही घालायचा नाही. संध्याकाळी तुम्ही तिला तपासायला याल तेव्हा, डॉक्टर, मला एक वेळ सांगा. पाणी किती वाजेपर्यंत देऊ?

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट
फोंडा, गोवा